चंपीला राजदरबारी नेणारा माणूस

हल्ली तालुक्याच्या गावातसुद्धा ‘डे स्पा’ अशी पाटी दिसायला लागली आहे. ब्युटी पार्लरला आपण एव्हाना सरावलो. भुवया, फेशियल, लग्नसराईतला मेकअप यात आता कुणाला नवल वाटत नाही. पण स्पा म्हटलं की अजूनही मनात धाकधूक होते. आत नेमकं काय करतात? कपडे काढावे लागतात का? अंगाला हात कोण लावणार, बाई की पुरुष? पैसे किती घेतील? आणि मुख्य म्हणजे, घरी काय सांगायचं?

मैत्रिणींनो, अगदी असेच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या बायकांनाही पडले होते. त्यांची समाधानकारक उत्तरं ज्याने दिली, तो माणूस इंग्रज नव्हता. तो होता आपल्याकडचा, बिहारमधल्या पाटण्याचा. त्याचं नाव शेख दीन महंमद. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ते साके डीन महोमेद असं लागतं. आज आपण डोकं धुवायला जो शाम्पू वापरतो, तो शब्द इंग्लंडमध्ये घरोघरी पोचवण्यात या माणसाचा फार मोठा वाटा आहे. त्यांची गोष्ट आपण बायकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे.

आईचा हात सोडून

दीन महंमद यांचा जन्म १७५९ सालचा. प्लासीची लढाई होऊन दोन वर्षं झाली होती आणि पानिपत व्हायला अजून दोन वर्षं होती. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेत नोकरीला होते. दीन दहा-अकरा वर्षांचा असतानाच वडील गेले. घरात आई आणि मोठा भाऊ. पोराचं सगळं लक्ष मात्र छावणीकडे. तंबू, घोडे, लाल डगले, बिगुल! गॉडफ्रे बेकर नावाच्या एका आयरिश अधिकाऱ्याच्या मागे तो लागला आणि अकराव्या वर्षी त्याच्याबरोबर निघून गेला. आईने त्याला परत आणायचा खूप प्रयत्न केला. पोरगं काही परतलं नाही. त्या माउलीच्या जिवाला काय वाटलं असेल, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. दीन महंमद यांनी पुढे आपल्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं, त्यात आईच्या त्या दुःखाची आठवण त्यांनी आवर्जून नोंदवली आहे.

फौजेबरोबर फिरता फिरता तो मोठा झाला. आधी छावणीतला पोऱ्या, मग बाजाराची व्यवस्था बघणारा, पुढे जमादार आणि सुभेदार अशा पायऱ्या तो चढला. १७८२ मध्ये बेकरने फौज सोडली, तेव्हा दीन महंमद यांनीही राजीनामा दिला. १७८४ साली दोघं जहाजाने आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात उतरले. तेव्हा दीन महंमद पंचविशीत होते.

परका देश, परकी भाषा, थंडी अशी की हाडं गोठावीत. पण हा गडी रमला. इंग्रजी शिकला, नुसती बोलायला नाही, तर लिहायला शिकला. तिथल्याच जेन डेली नावाच्या तरुणीवर त्यांचं मन बसलं. मुलगी चांगल्या घरातली, तेव्हा घरच्यांची संमती मिळणं अवघडच. १७८६ मध्ये दोघांनी पळून जाऊन लग्न केलं. त्यासाठी त्यांनी तिथल्या चर्चचा धर्मही स्वीकारला.

मग आलं १७९४ साल. आपल्याकडे पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांची कारकीर्द चालू होती, आणि तिकडे कॉर्कमध्ये दीन महंमद यांचं प्रवासवर्णन छापून निघालं. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून छापलेलं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. पुस्तक पत्रांच्या रूपात आहे. एकूण अडतीस पत्रं. आपल्याकडची शहरं, लग्नं, चालीरीती, पान खाण्याची सवय, असं सगळं त्यांनी तिकडच्या वाचकांना समजावून सांगितलं.

दुकान बुडालं, माणूस नाही

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बायकोमुलांसह लंडनला आले. तिथे बॅसिल कोक्रेन नावाचे एक श्रीमंत गृहस्थ होते. हिंदुस्थानात पैसा कमावून परतलेले. त्यांनी आपल्या बंगल्यात वाफेच्या स्नानाची सोय केली होती. दीन महंमद तिथे कामाला लागले. वाफ घेतल्यावर अंग चेपून देण्याची आपली पद्धत लंडनच्या लोकांपुढे आली ती इथेच. हिंदीत चाँपना म्हणजे दाबणं, चेपणं. त्याच शब्दावरून इंग्रजीत शाम्पू हा शब्द गेला. आपली डोक्याची चंपी याच कुळातली. तेव्हा शाम्पू म्हणजे अंग रगडणं. केस धुणं हा अर्थ त्याला बऱ्याच नंतर चिकटला.

पण दीन महंमद यांच्या डोक्यात वेगळंच खूळ होतं. १८१० साली त्यांनी लंडनमध्ये जॉर्ज स्ट्रीटवर एक खाणावळ काढली, हिंदुस्तानी कॉफी हाउस. भारतीय माणसाने भारतीय जेवणासाठी लंडनमध्ये काढलेलं हे पहिलं हॉटेल. मसालेदार पदार्थ, बसायला वेताच्या खुर्च्या, ओढायला हुक्का. बेत झकास होता, पण गिऱ्हाईक पुरेसं येईना. भाडं, नोकर, सामान, सगळं अंगावर आलं. १८१२ मध्ये दिवाळं निघालं.

आता बघा, वय त्रेपन्न. पदरात मुलं. हाती पैसा नाही. एकेकाळचा सुभेदार, पुस्तकाचा लेखक, हॉटेलचा मालक, त्याने १८१३ मध्ये वर्तमानपत्रात चक्क नोकरी पाहिजे अशी जाहिरात दिली. घरगड्याचं काम चालेल म्हणून! आपल्याकडे पन्नाशी उलटली की बायका म्हणतात, आता काय नवीन करायचं राहिलंय? दीन महंमद यांचं खरं आयुष्य पंचावन्नाव्या वर्षी सुरू झालं.

समुद्रकाठचं स्नानगृह

लंडनच्या दक्षिणेला ब्रायटन नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. त्या काळी मोठमोठे लोक तब्येत सुधारायला तिथे जात. समुद्राच्या पाण्यात स्नान करणं हा औषधोपचारच समजला जाई. स्पा हा शब्दसुद्धा बेल्जियममधल्या स्पा नावाच्या गावावरून आला, तिथल्या झऱ्यांचं पाणी औषधी मानत म्हणून. आपण नाही का वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडात सांधेदुखीसाठी उतरत? तसंच ते.

१८१४ च्या सुमारास दीन महंमद ब्रायटनला आले. आधी एका स्नानगृहाचा कारभार बघितला. पुढे १८२१ मध्ये समुद्रासमोर किंग्ज रोडवर महंमद बाथ्स हे त्यांचं स्वतःचं मोठं स्नानगृह उभं राहिलं.

सुरुवात सोपी नव्हती. एका काळ्या माणसाकडून अंग चेपून घ्यायचं? ही काय जादूटोण्याची भानगड? लोक नाकं मुरडत होते. दीन महंमद वादात पडले नाहीत. संधिवाताने, आखडलेल्या हातापायांनी बेजार झालेल्या काही रोग्यांवर त्यांनी फुकट उपचार केले. त्यांना उतार पडला, तशी बातमी कर्णोपकर्णी झाली. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या तिथेच ठेवून जात. त्या कुबड्या त्यांनी प्रवेशाच्या दालनात भिंतीवर टांगल्या. याहून चांगली जाहिरात कोणती?

आत गेल्यावर काय होत असे, तेही ऐका. आधी रोग्याला औषधी वनस्पती आणि तेलं घातलेल्या पाण्याची वाफ देत. अंगाला चांगला घाम सुटला की त्याला फ्लॅनेलच्या कापडाच्या तंबूत बसवत. या तंबूला बाह्या शिवलेल्या असत. चेपणारा माणूस बाहेर उभा राही आणि फक्त त्याचे हात त्या बाह्यांतून आत जात. म्हणजे मालीश व्यवस्थित, आणि आतल्या माणसाची लाजही शाबूत! सुभेदारकीच्या छावणीतले तंबू त्यांना इथे असे उपयोगी पडले असतील का, असं मला आपलं वाटून जातं.

आणि बायकांचं काय? त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता आणि त्याची सगळी जबाबदारी पत्नी जेनकडे होती. जेन स्वतः मालीश करण्यात तरबेज होती. घरंदाज बायका, उमरावांच्या कुटुंबातल्या स्त्रिया निर्धास्तपणे येत होत्या त्या या व्यवस्थेमुळे. स्त्री रुग्णांनी समाधानाने लिहिलेले अभिप्रायही जपून ठेवलेले आहेत. नाव पाटीवर नवऱ्याचं होतं खरं, पण निम्मं स्नानगृह जेनच्या हातावर उभं होतं हे विसरू नका.

मला विचाराल तर, दीन महंमद यांची खरी हुशारी तेलात किंवा वाफेत नव्हती. तेल आपल्या प्रत्येक घरात होतं. परक्या माणसाच्या हाती आपलं दुखरं अंग सोपवताना मनात जो संकोच असतो, तो त्यांनी ओळखला. त्याला हसले नाहीत. त्याच्यासाठी कापडाचा तंबू शिवला, वेगळी खोली दिली, बायकांना बाईचा हात दिला.

राजाचा शाम्पू सर्जन

१८२० मध्ये त्यांनी बऱ्या झालेल्या रोग्यांच्या हकिकती छापल्या आणि १८२२ मध्ये शाम्पूच्या फायद्यांवर आणखी एक पुस्तक काढलं. ते राजा चौथ्या जॉर्जला अर्पण केलं होतं. चौथा जॉर्ज ब्रायटनचा भारी शौकीन. तिथे त्याने घुमटांचा, मिनारांचा रॉयल पॅव्हिलियन नावाचा राजवाडा बांधून घेतला होता. त्याने दीन महंमद यांना आपले शाम्पू सर्जन म्हणून नेमलं. त्याच्यामागून गादीवर आलेल्या चौथ्या विल्यमनेही तो मान कायम ठेवला. दरबारी जाताना ते घालत तो भरजरी पोशाख ब्रायटनच्या संग्रहालयाने जपला आहे.

आता सगळं गोडगोडच सांगायचं तर ते खोटं होईल. दीन महंमद धंद्यात पक्के होते. वयस्कर वैद्यावर लोकांचा विश्वास जास्त, म्हणून त्यांनी आपलं जन्मसाल दहा वर्षं मागे नेलं आणि कलकत्त्यात वैद्यकीचं शिक्षण घेतल्याचंही लिहून टाकलं. त्यांच्या थडग्यावर वय एकशे एक असं कोरलेलं आहे, पण खरं वय एक्याण्णव-ब्याण्णव. दमा, पक्षाघात अशा आजारांवरही आपल्या उपचाराने गुण येतो, असा त्यांचा दावा होता. वाफेने, मालिशने आखडलेले स्नायू मोकळे होतात, दुखणं हलकं होतं, मनाला बरं वाटतं, एवढं खरं. मूळ रोग त्याने जातोच असं नाही. त्या काळी डॉक्टरांकडेही फारसं काही नव्हतं. रक्त काढणं आणि जुलाब देणं, एवढ्यावर भागत असे. त्या मानाने गरम वाफ आणि मायेचा हात कितीतरी बरा!

उतरती कळा त्यांनीही पाहिली. दुसऱ्यांनी त्यांची नक्कल करून स्नानगृहं काढली. राणी व्हिक्टोरियाला ब्रायटन फारसं मानवलं नाही, राजघराण्याचं येणं थांबलं. स्नानगृहात ज्याचा पैसा होता तो भागीदार वारला आणि १८४१ मध्ये मालमत्तेचा लिलाव झाला. ऐंशी ओलांडलेल्या दीन महंमद यांच्याकडे ती विकत घेण्याइतका पैसा नव्हता. आयुष्यभराचं नाव ज्या इमारतीवर होतं, ती दुसऱ्याची झाली. ते लहान घरात राहायला गेले आणि तिथेच काम करत राहिले. १८५० च्या डिसेंबरात जेन गेली आणि २४ फेब्रुवारी १८५१ रोजी त्यांनीही डोळे मिटले. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं त्यांचं नाव जवळजवळ पुसलं गेलं होतं. इतिहासकार मायकेल फिशर यांनी १९९० च्या दशकात त्यांचं चरित्र आणि प्रवासवर्णन पुन्हा वाचकांपुढे आणलं. २००५ मध्ये लंडनमधल्या त्यांच्या हॉटेलच्या जागेजवळ हिरवी स्मृतिपट्टी बसवली गेली.

त्यांच्या नातवाची गोष्टही सांगायला हवी. फ्रेडरिक अकबर महंमद हा नातू लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये नामांकित डॉक्टर झाला. रक्तदाब वाढणं हा स्वतंत्र विकार आहे, तो मूत्रपिंड बिघडण्याआधीही असू शकतो, हे ओळखणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्याचं नाव घेतात. आजोबांनी वाफ दिली आणि नातवाने बीपी मोजलं!

आता आपलं बघू

तर मग स्पामध्ये जायचं का? जमत असेल तर जरूर जावं. पण दीन महंमद यांच्या तंबूची आठवण ठेवून जावं. चांगल्या ठिकाणी आधी तुम्हाला बसवून विचारतील, काही आजार आहे का, कुठे दुखतं, गरोदर आहात का. एखादा कागदही भरून घेतील. लाजू नका, सगळं खरं सांगा. बीपी, हृदयाचा त्रास, पायात फुगलेल्या शिरा, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा पोटात बाळ असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. अंगात ताप असेल तर त्या दिवशी जाऊच नका. भरल्या पोटी किंवा अगदी उपाशीही जाऊ नये. वाफ घेतल्यावर पाणी प्यावं आणि लगेच घाईने उठू नये, चक्कर येते.

कपडे बदलायला बंद खोली आणि अंगावर घ्यायला स्वच्छ चादर किंवा टॉवेल मिळाला पाहिजे. जेवढ्या भागाला तेल लावायचं, तेवढाच उघडा आणि बाकी झाकलेला, ही रीत आहे. मालीश बाईच करणार ना, हे फोनवरच विचारून घ्या. दाब जास्त वाटला, कुठे नको वाटलं, तर तिथल्या तिथे सांगायचं. पैसे आपण देतो, तेव्हा नको म्हणण्याचा हक्क आपलाच. दरपत्रक आधी बघा. आणि गुडघेदुखी कायमची घालवतो, साखर उतरवतो असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं, तर सरळ उठून घरी या. तसलं दोनशे वर्षांपूर्वी खपलं, आज खपवून घ्यायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून बोलायची आहे. आमच्या बचत गटातल्या एकीच्या मुलीने मालिशचं प्रशिक्षण घेतलं आणि तिला शहरातल्या स्पामध्ये काम मिळालं. घरात रणकंदन! लोकांचं अंग चेपायचं काम आमच्या मुलीने करायचं? मला नवल वाटलं ते हे, की बोलणाऱ्या त्याच बायकांची बाळंतपणं मालीशवाल्या मावशींच्या हातावर निभावली होती. पहाटे येऊन बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, शेगडीचा शेक आणि धुरी द्यायची, कंबर बांधायची. चाळीस दिवस तिच्यावाचून आपलं पान हलत नाही. आणि बारसं झालं की साडीचोळीवर तिची बोळवण. तिच्या हातात विद्या आहे असं आपण कधी म्हणत नाही. दीन महंमद यांनी त्याच विद्येची पाटी लावली, तर राजा दाराशी आला.

नोकरी कुठे आहे, जागा कशी आहे, मालक कोण, मुलींच्या सुरक्षेची सोय काय, हे आईबापांनी डोळ्यांत तेल घालून बघावं. ते बघायलाच हवं. पण कामाला हलकं म्हणू नये. दुखऱ्या अंगाला आराम देणारा हात हलका कसा असेल?

आणि हो, ज्या मैत्रिणींना स्पाचा खर्च परवडणार नाही, त्यांनी खंतावू नये. खोबरेल किंवा तिळाचं तेल कोमट करायचं, दार लावून घ्यायचं आणि आठवड्यातून एकदा लेकीकडून, सुनेकडून, जावेकडून डोकं आणि पाय चेपून घ्यायचे. मग आपण तिचे चेपायचे. घरातल्या सगळ्यांचं अंग दुखतं तेव्हा आपण धावतो. आपलंही अंग दुखतं, हे एकदा मोठ्याने सांगायला काय हरकत आहे?